धुण्याआधीचा आकडा

आमच्या फ्रिजमध्ये ताकाच्या पातेल्याशेजारी तीन बाटल्या असतात: एक गुलाबी, एक पिवळी, एक निळी. घरी कुणी मुक्कामाला आलं की आधी त्यांना या बाटल्यांची ओळख करून द्यावी लागते. एकदा ते राहून गेलं आणि आमच्या नणंदबाईंनी गुलाबी बाटली सरबत समजून ग्लासात ओतली, वर बर्फाचे दोन खडेही टाकले. मी घाईघाईनं ग्लास त्यांच्या हातातून काढून घेतला तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, सरबतासाठी एवढा जीव टाकायचा?" पाहुण्यांना काय बोलणार? मी त्यांना लिंबाचं सरबत करून दिलं.

त्या बाटल्यांत बफर असतो. बफर म्हणजे ज्याचा पीएच आधीच पक्का माहीत आहे असं पाणी. दुकानदाराकडं शिक्क्याची वजनं असतात, तशी ही माझी वजनं. गुलाबी म्हणजे चार, पिवळी सात, निळी दहा. पीएच हा प्रकार शाळेत सगळ्यांनी पाठ केलेला असतो आणि परीक्षा झाली की सगळे विसरून जातात, म्हणून पुन्हा सांगते. लिंबाचा रस दोनच्या आसपास, साधं पाणी सात, चुन्याची निवळी बारा. आकडा खाली गेला की आंबट, वर गेला की चुन्याच्या बाजूला. एवढं कळलं की माझा निम्मा धंदा कळला.

उरलेला निम्मा म्हणजे प्रोब. ही बोटभर जाडीची नळी, टोकाला पातळ काचेचा फुगा. नळी द्रवात बुडवली की त्या काचेच्या आतबाहेर अगदी बारीकशी वीज तयार होते. ती मिलिव्होल्टमध्ये मोजायची आणि तिच्यावरून पीएच सांगायचा. फुग्याशेजारी सुईच्या टोकाएवढं सच्छिद्र बूच असतं, त्यातून नळीतलं क्षाराचं पाणी कणाकणानं बाहेर झिरपत राहतं. आम्ही बोलताना त्याला मिठाचं पाणी म्हणतो, पण ते जेवणातलं मीठ नव्हे. ते झिरपणं थांबलं, काचेवर थर बसला किंवा फुगा कोरडा पडला की प्रोब खोटं बोलायला लागतो. आणि खोटं बोलताना त्याचा चेहरा जराही पडत नाही. पडद्यावरचा आकडा तसाच ठसठशीत हिरवा, वर दशांशासकट.

मी गेली एकतीस वर्षं या प्रोबना खरं बोलायला लावायचं काम करते. आयटीआयला इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकच्या वर्गात आम्ही दोनच मुली होतो. दुसरी लग्न होऊन जालन्याला गेली आणि मी मुकुंदवाडीला आले. आधी बारा वर्षं नोकरी केली, मग स्वतःची सर्व्हिस सुरू केली. चिकलठाणा, वाळूज, शेंद्रा, पैठण रोड, सगळीकडं स्कूटीच्या डिकीत त्या तीन बाटल्या घेऊन फिरले. गेटवरचे वॉचमन मला 'पीएचवाल्या बाई' म्हणतात. कांता जगधने हे नाव फक्त माझ्या सर्टिफिकेटवर सहीखाली असतं.

नवा प्रोब काय, कुणाकडूनही घ्या, बरोबरच दाखवतो. खरी गंमत पुढं असते. घाण पाण्यात दोन महिने काढून, उन्हाळा सोसून, ऑपरेटरच्या हातचे मार खाऊनही तो बरोबर दाखवतो का? या प्रश्नाचं मला वेड आहे, सरळ सांगते. चहा गाळताना माझ्या डोक्यात मिलिव्होल्ट असतात. माझी मुलगी म्हणते, आईला प्रोबचा वाढदिवस आठवतो, माझा नाही. ते तितकंसं खोटं नाही.

एका पेयांच्या कारखान्यातून मला दर वर्षी दसऱ्यानंतर दोन दिवसांनी ठरलेला फोन यायचा. "बाई, मीटर येडं झालंय." तीन वर्षं मी गेले, प्रोब भिजत घातला, ताळ्यावर आणला आणि परत आले. चौथ्या वर्षी मात्र खंडेनवमीलाच जाऊन बसले. सगळी हत्यारं धुऊनपुसून पूजेला मांडली होती, पाने, पकडी, वेल्डिंगचा होल्डर. आणि मधोमध पाटावर, कोऱ्या खणावर, माझा प्रोब. कुणीतरी तो भक्तिभावानं दुधानं धुतला होता, टॉवेलनं खसाखसा पुसला होता आणि वर हळदकुंकू वाहिलं होतं. पुढं दोन दिवस सुट्टी. म्हणजे दोन दिवस फुगा कोरडा ठणठणीत. मी फोरमनला म्हटलं, "पूजा करा की, पण मीटरच्या डब्याची करा. प्रोबला टोपीत ओला राहू द्या."

तो विचारात पडला. "टोपी घालून पूजेला कसं बसवायचं, बाई? बरं दिसतं का ते?"

शेवटी तडजोड झाली. आता डब्याला झेंडूचा हार असतो, प्रोब टाकीतच राहतो आणि त्याच्या केबलला आपट्याचं पान बांधतात. तो फोन कायमचा बंद झाला. एक गिऱ्हाईक कमी झालं खरं, पण त्या दिवशी मी गाणं म्हणत घरी आले.

दुसरा नमुना याच्या अगदी उलटा. एका औषध कारखान्यातला केमिस्ट इतका काटेकोर की दर पाळीला प्रोब काढून बफरशी जुळवायचा. आकडा जरा हलला की पिरगाळ स्क्रू. त्याच्या मीटरचा आकडा कायम बरोबर, आणि प्रोब कधी म्हातारा झाला ते कुणाला कळलंच नाही. एके दिवशी तो एकदम गेला आणि पूर्ण घाणा वाया गेला. तेव्हापासून मी प्रत्येक प्रोबची वेगळी वही ठेवते. आज किती घसरला, मागच्या खेपेला किती, उन्हाळ्यात किती. घसरण्याचा वेग कळला की तो पुढं कधी दगा देणार ते आधीच सांगता येतं. असा माझा अंदाज खरा निघाला की मला जो आनंद होतो तो घरच्यांना समजावून सांगता येत नाही.

एवढं सगळं कळत असून मी एक चूक वर्षानुवर्षं करत होते. तीच आता सांगते.

चिकलठाण्याच्या जुन्या वसाहतीत एक प्लेटिंगचा कारखाना आहे, नाव घेत नाही. नटबोल्ट आम्लात बुडवायचे, धुवायचे, मग त्यांच्यावर मुलामा चढवायचा. धुण्याचं आम्लाचं पाणी टाकीत येतं. त्यात चुना घालून पीएच सात ते आठच्या मध्ये आणायचा आणि मगच ते पुढं सोडायचं. टाकीत एक प्रोब कायम बुडालेला असतो. तो सांगेल तसा चुन्याचा पंप चालतो आणि आकडा थेट मॅनेजरच्या मोबाइलवर दिसतो. या टाकीवर अठरा वर्षं शेख युसूफ नावाचे ऑपरेटर होते. कामगार त्यांना चाचा म्हणतात, मी युसूफभाई. दर दोन तासांनी ते खिशातल्या छोट्या मीटरनं टाकीचं पाणी स्वतः मोजायचे आणि रजिस्टरात लिहायचे. ऑनलाइन मीटर आल्यावर त्यांना हे कुणी करायला सांगितलं नव्हतं, आणि बंद करा असंही कुणी म्हटलं नव्हतं.

मग निकम नावाचे नवे मॅनेजर आले. तरुण, हुशार, प्रत्येक गोष्ट दोनदा तपासणारे. त्यांनी रजिस्टर आणि मोबाइल शेजारी ठेवले. मोबाइल म्हणत होता सात पूर्णांक चार. युसूफभाईंनी त्याच वेळेला लिहिलं होतं, आठ पूर्णांक नऊ. दुसऱ्या दिवशी नऊ पूर्णांक एक. निकमांनी मला बोलावलं. "मॅडम, मीटर तरी खोटं बोलतंय किंवा माणूस तरी. तुम्ही तपासून लेखी द्या."

मी गेले आणि जे आयुष्यभर केलं तेच केलं. प्रोब वर काढला, त्याच्यावर चुन्याचं बोटभर कवच चढलं होतं. ते पाहून माझा हात आपोआप पातळ आम्लाच्या बाटलीकडं गेला. घाण भांड्यात कुणी मोजतं का? कवच विरघळवलं, प्रोब स्वच्छ धुतला, टिशूनं हलकेच टिपला. मग बफर. चारला चार पूर्णांक शून्य दोन, सातला सात, दहाला नऊ पूर्णांक सत्त्याण्णव. नव्यासारखा. मी खुशीत सर्टिफिकेट लिहिलं, 'मीटर योग्य स्थितीत आहे', आणि खाली सही ठोकली. निकमांनी चहा पाजला. युसूफभाई तेव्हा पंपाजवळ उभे होते, मी त्यांना हात केला आणि निघाले.

वीसेक दिवसांनी एका रविवारी ते माझ्या दारात उभे. पांढरा सदरा, हातात पिशवी. आत आले, पाणी प्यायले, इकडचं तिकडचं बोलले. मग कळलं की त्यांना टाकीवरून काढून गोदामात चुन्याच्या रिकाम्या गोण्या झटकायला लावलंय. खोट्या नोंदी केल्याबद्दल नोटीस दिलीय. खुलासा पटला नाही तर चौकशी, आणि त्यापुढं काय ते सगळ्यांना माहीत. नोटिशीला पुरावा म्हणून माझं सर्टिफिकेट जोडलं होतं.

"बाई, मैं झूट नै लिखा," ते म्हणाले. "मोबाइलवरचाच आकडा उतरवला असता तर कटकटच नव्हती ना. खोटं लिहायचं तर माणूस सोपं खोटं लिहितो. वेगळा आकडा लिहून डोक्याला ताप कशाला करून घेतो?"

त्यांनी पिशवीतून कागदाच्या पट्ट्या काढल्या. हळदीच्या पाण्यात भिजवून वाळवलेल्या, घरी केलेल्या. हळदीला चुन्याचं पाणी लागलं की ती तांबडी होते, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. खिशातल्या मीटरची शंका आली की ते ही पट्टी टाकीत बुडवून बघायचे. त्या पट्ट्या सगळ्या विटकरी तांबड्या झाल्या होत्या. साताच्या पाण्यात हळद पिवळीच राहते.

मी पट्ट्या उलटसुलट करून बघत होते. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "एक विचारू? त्या दिवशी तुम्ही आधी मोजलं का आधी धुतलं?"

उत्तर त्यांना माहीत होतं, त्यांनी पंपाजवळून सगळं पाहिलं होतं. मला इतकी लाज वाटली की मी उठून उगाच आत जाऊन आले. जो प्रोब त्या टाकीत दिवसेंदिवस खोटं सांगत होता तो मी मोजलाच नव्हता. मी आधी त्याचं कवच काढलं, त्याला नवा केला आणि मग तो नव्यासारखा आहे असं लिहून दिलं. कवचाखाली अडकलेल्या प्रोबला पाणी बदललेलं कळतच नाही. तो म्हणतो अजून आंबट आहे, पंप म्हणतो घ्या चुना, आणि टाकी नवाच्या पुढं जाते. युसूफभाई खरं लिहीत होते. माझ्या सहीनं त्यांना खोटं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी निकमांपुढं उभी. "प्रोब काढा, पण त्याला हात लावू नका." वीस दिवसांत पुन्हा कवच धरलंच होतं. तसाच न धुता तो निळ्या बाटलीत सोडला. दहा दाखवायला हवं होतं. सात पूर्णांक नऊवर बसला. आम्ही तिथं उभं राहून बघत होतो, आकडा म्हशीच्या चालीनं वर चढत होता. दहा मिनिटांनी आठ पूर्णांक सहा.

निकमांनी दोन्ही आकडे टिपून घेतले. मग म्हणाले, "मीटर चुकतं हे पटलं. पण म्हणून चाचा बरोबर होते असं ठरत नाही, मॅडम. दोघंही चुकत असतील." ते शांतपणे म्हणाले, आणि त्यांचं म्हणणं बरोबर होतं म्हणून मला जास्त राग आला. "मला रोजच्या रोज विश्वास ठेवता येईल असं एक तिसरं माप द्या. त्याच्याशी चाचांचे आकडे जुळले तर मी नोटीस मागं घेतो."

तिसरं माप. त्या घाण टाकीत, चुन्यात, आठवडेच्या आठवडे खरं बोलणारा प्रोब. मला सांगायला संकोच वाटतो, युसूफभाईंची नोकरी टांगणीला होती आणि मला मनातून उकळ्या फुटत होत्या. कारण उपाय माझ्या डोक्यात वर्षभरापासून घोळत होता. प्रोबनं चोवीस तास घाणीत बसायचंच कशाला? पाच मिनिटांतून एकदा खाली उतरावं, मिनिटभर पाणी बघावं, वर यावं, फवाऱ्यानं अंग धुवावं आणि मिठाच्या पाण्याच्या प्याल्यात आराम करावा. घाणीत कमी वेळ, कवच कमी.

भंगार बाजारातून जीपच्या वायपरची मोटार आणली. एका बाजूनं दुसऱ्या बाजूला झुलायचं काम तिच्याइतकं कुणाला येतं? तिला ॲल्युमिनियमचा हात जोडला, वॉशिंग मशीनचा टायमर लावला, आणि हा सगळा खटाटोप माझ्या गॅलरीत बादलीवर आठ दिवस चालवून पाहिला. शेजारच्या बायका कपडे वाळत घालता घालता थांबून बघायच्या. हात खाली जायचा, वर यायचा, फुर्र करून पाणी उडायचं. मी तिथं स्टुलावर बसून जेवले आहे.

टाकीवर बसवताना युसूफभाई गोदामातून हात पुसत आले. निकमांनी एवढं मान्य केलं होतं की प्रयोगाचं काम त्यांनीच करायचं. मी दाखवलेली जागा पाहून त्यांनी मान हलवली. "हितं नक्को, बाई. हितं चुना सरळ अंगावर पडतो. ढवळणीच्या पल्याड घ्या, तिथं पाणी मिसळून येतं." अठरा वर्षं त्यांनी ती टाकी पाहिली होती, मी अठरा मिनिटं. पल्याडच घेतलं.

अटी निकमांनी कागदावर लिहिल्या. सहा आठवडे. रोज सकाळी आठला दोन्ही प्रोब, जुना आणि हा नवा, निळ्या बाटलीत तपासायचे, धुण्याआधी. नवा प्रोब दहापासून दोन दशांशाच्या आत राहिला पाहिजे, एकदाही बाहेर जाता कामा नये. राहिला तर त्याच्याशी युसूफभाईंचे दोन दोन तासांचे आकडे ताडून बघायचे. बाहेर गेला तर प्रयोग बंद, नोटीस कायम.

पहिले तीन आठवडे माझ्या आयुष्यातले फार सुखाचे गेले. रोज आठ वाजून पाच मिनिटांनी फोन. "बाई, नऊ पूर्णांक अठ्ठ्याण्णव." दुसऱ्या दिवशी, "दहा पूर्णांक शून्य एक." त्यांचा आवाज रोज थोडा मोठा होत होता. जुना प्रोब शेजारीच कवचात रुतत चालला होता, नऊ पूर्णांक चार, आठ पूर्णांक दोन, आणि आमचा झुलणारा गडी नव्यासारखा. मी फोन ठेवला की आकडा भिंतीवरच्या कॅलेंडरावर लिहायचे. मुलगी म्हणाली, कुणाच्या तापाची नोंद ठेवतेस का. मी म्हटलं, ताप नाहीये हीच तर मजा आहे.

चौथ्या आठवड्यात मंगळवारी नऊ पूर्णांक एक्क्याण्णव आलं. असू दे म्हटलं. बुधवारी नऊ पूर्णांक त्र्याऐंशी. गुरुवारी मी फोनची वाट न बघता पावणेआठलाच टाकीवर पोहोचले. युसूफभाईंनी प्रोब निळ्या बाटलीत सोडला. आकडा नऊ पूर्णांक चौऱ्याहत्तरवर थांबला. मर्यादा ओलांडली होती.

काचेवर कवच नव्हतं. मोटार नीट झुलत होती. निकम यायला अजून अर्धा तास होता. आणि मग मी जे बोलले ते लिहिताना आजही कान तापतात.

"युसूफभाई, आजच्या दिवस आधी धुऊन घेऊ. ताज्या मिठाच्या पाण्यात अर्धा तास बुडवू, आकडा वर येईल. मग लिहा. अर्ध्या तासानं काय बिघडतंय."

त्यांच्या जागी कुणीही असता तर हो म्हणाला असता, सगळं त्यांचंच तर पणाला लागलं होतं.

"धुण्याआधीचा लिहायचा ठरलाय ना, बाई," ते म्हणाले, आणि रजिस्टर ओढून त्यांनी नऊ पूर्णांक चौऱ्याहत्तर लिहिलं. मग पेन हातात तसंच ठेवून म्हणाले, "सोमवारी प्याल्यातलं पाणी मी बदललं. त्यानं काय झालं असंल का?"

"बदललं म्हणजे? कशानं भरलं?"

"डिस्टिल वॉटर. ब्याटरीत घालतात ते. मुलाच्या दुकानातून नवीकोरी बाटली आणली. त्या मिठाच्या पाण्याला पांढरी साय धरली होती. म्हटलं, एवढा राबतोय बिचारा, त्याला लई शुद्ध पाणी देऊ."

आमच्या शहरात नळाला पाणी यायचा वार ठरलेला असतो. इथं कुणाला शुद्ध पाणी द्यायचं म्हणजे केवढा मान, हे मला कळत होतं. पण प्रोबला तो मान सोसत नाही. निव्वळ शुद्ध पाणी त्या बारक्या बुचातून आतलं मीठ ओढून घेतं आणि आकडा घसरतो. त्यांना मी हे कधी सांगितलंच नव्हतं, मला वाटलं सगळ्यांना माहीत असतं. ते मी समजावून सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मान डोलावली आणि रजिस्टराच्या शेऱ्याच्या रकान्यात सावकाश लिहायला घेतलं. मी खांद्यावरून वाचलं. 'सोमवारी प्याल्यातलं मिठाचं पाणी फेकून मी डिस्टिल वॉटर भरलं. कुणी सांगितलं नव्हतं. चूक माझी आहे. शेख युसूफ.'

"अहो, हे कशाला लिहिता? हे तुमच्यावरच उलटेल. मी साहेबांना तोंडी सांगते काहीतरी."

"उलटलं तर उलटू द्या. मोजमापाचं रजिस्टर हाय ते."

निकम आले. आकडा पाहिला, मग शेरा वाचला. पुन्हा वाचला. "चाचा, हे लिहायला कुणी सांगितलं?"

"कुणी नाय, साहेब."

निकमांनी माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "मी तर आधी धुऊन घ्या म्हणत होते. त्यांनी ऐकलं नाही." मला वाटलं होतं त्यापेक्षा ते सोपं गेलं.

निकम तसेच ऑफिसात गेले आणि जुनी रजिस्टरं घेऊन आले, ज्यांच्यावरून नोटीस दिली होती ती. टाकीच्या कठड्यावर ठेवून पानं उलटायला लागले. आकड्यांचे रकाने त्यांनी पूर्वी ताडून पाहिले होते. शेऱ्याचा रकाना कुणीच वाचला नव्हता. 'नमाजला गेलो, मोजायला उशीर झाला.' 'मीटरची बॅटरी संपली, वाचन नाही.' 'बफर जुना होता, कालचे तीन आकडे धरू नयेत.' पानोपानी, युसूफभाईंनी युसूफभाईंविरुद्ध लिहिलेलं. एकाही पानावर कुणी सही करून ते पाहिल्याची खूण नव्हती.

"मी फक्त आकडेच बघितले," निकम म्हणाले. "नोटीस आजच मागं घेतो. चाचा, उद्यापासून टाकीवर या. मॅडम, तुमचा प्रयोग चालू ठेवा, मला तो बघायचाय."

प्रयोग पुढं चालला. प्रोब एक रात्र मिठाच्या पाण्यात राहिला आणि परत ताळ्यावर आला, सहा आठवडेच काय, पुढं कितीतरी दिवस टिकला. त्याच्याशी युसूफभाईंचे आकडे ताडले तेव्हा फरक शोधावा लागत होता. आता शेंद्र्यापासून पैठण रोडपर्यंत कितीतरी टाक्यांवर वायपरची मोटार झुलताना दिसते. भंगारवाला मला बघितलं की मोटारी बाजूला काढून ठेवतो. त्या मोटारीत मी पुढं काय काय बदल केले ते सांगायला बसले तर मासिकाचा अख्खा अंक संपेल. मला अजून त्या गुरुवारचंच थोडं सांगायचं आहे.

निकम नोटीस फाईलमधून काढत होते, तेव्हा तिला टाचलेलं माझं सर्टिफिकेट वर आलं. त्यांनी ते माझ्यापुढं धरलं. "याचं काय करायचं?"

फाडून टाका म्हणता आलं असतं. नवीन देते म्हणता आलं असतं, ते तर रोजचं काम होतं. मी कागद कठड्यावर पसरला आणि माझ्या सहीखाली, उरलेल्या जागेत लिहिलं. 'प्रोब धुतल्यानंतर तपासला. धुण्याआधीचा आकडा मी घेतला नाही. चूक माझी आहे. कांता जगधने.' अक्षर वाकडं आलं. निकमांना द्यायच्या आधी मी तो युसूफभाईंना दाखवला.

त्यांनी खिशातून चष्मा काढला, पुसला, आणि कागद डोळ्यांजवळ नेऊन पहिल्या शब्दापासून शेवटपर्यंत वाचला. मग बोट ठेवून म्हणाले, "बाई, तारीख राहिली."

मी तारीख टाकली.